सात दारं आणि एक फॉरवर्ड

भाचीने गेल्या आठवड्यात तिच्या कादंबरीच्या नायिकेला हिमालयात पाठवलं. बाई सांगलीकडची, वडिलांमागे गुऱ्हाळ चालवणारी, डोक्यावर कर्ज. तिचं हिमालयात काय काम? तर म्हणे, "मावशी, उंबरठा ओलांडावाच लागतो." खोदून विचारलं तेव्हा तो फॉरवर्ड निघाला. लिहिणाऱ्यांच्या ग्रुपांवर सगळीकडे फिरतोय: प्रत्येक चांगली कथा पुराणकथांचे अभ्यासक कॅम्पबेल यांनी सांगितलेल्या नायकाच्या प्रवासाच्या 12 टप्प्यांत बसते (घरचा उंबरठा ओलांडून अनोळखी जगात जाणं हा त्यातलाच एक), पुराणकथांत बाई प्रवासाला निघत नाही, ती पोहोचायचं ठिकाण असते, तरी नायिका हवीच असेल तर 'तो' खोडून 'ती' लिहा.

बाराचं आधी उरकते. जोसेफ कॅम्पबेलच्या 1949च्या पुस्तकात टप्पे 17 आहेत. त्यांचे 12 केले हॉलिवूडमध्ये पटकथांवर काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होग्लरने. म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलेलंच नाही.

आता ते 'ठिकाण'. कॅम्पबेल असं बोलले होते, हे नाइलाजाने मान्य. मॉरीन मर्डॉक या मानसोपचार करणाऱ्या बाईंनी 1981 मध्ये त्यांना स्त्रीच्या प्रवासाबद्दल विचारलं, तेव्हा उत्तर साधारण हेच मिळालं. पण स्वतःच्याच पुस्तकात, कसोट्यांच्या प्रकरणात, त्यांनी कोणाला आणलंय? इनन्नाला! प्राचीन सुमेरची, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधली, ही देवी आपणहून पाताळात उतरते. सात दारं, प्रत्येक दाराशी अंगावरचं काहीतरी काढून द्यायचं: मुकुट, गळ्यातले मणी, शेवटी वस्त्रसुद्धा. खाली बहीण एरेश्किगल तिला मारून प्रेत टांगते. निघतानाच इनन्नाने आपल्या सेविकेला, निन्शुबुरला, बजावलेलं असतं, तीन दिवसांत आले नाही तर देवांकडे धाव घे. ती घेते, आणि इनन्ना परत येते. मातीच्या पाट्यांवर ही कथा कोरून 3,500 वर्षांहून जास्त काळ लोटला. निघणारी बाई, अडवणारी बाई, सोडवायला धावणारीही बाई. यातलं ठिकाण कोण?

इतक्या लांबही जायला नको. रथ जोडून स्वतःचा नवरा शोधायला निघालेली आणि पुढे यमाच्या मागे वाद घालत चालत गेलेली सावित्री आपल्याकडे दरवर्षी वडाशी आठवतात. त्याच घरांतून हे फॉरवर्ड होतंय.

'तो'च्या जागी 'ती'? कॅम्पबेलच्या यादीत 'मोहात पाडणारी स्त्री' हा एक टप्पाच आहे. तिथे नायिकेने करायचं काय? मर्डॉकबाईंच्या 1990च्या पुस्तकात नायिका आईपासून तुटते, पुरुषांच्या जगात जिंकते आणि खरी पडझड त्या विजयानंतर सुरू होते. अर्थात हाही साचाच. सगळ्याच मुलींचं आईशी वाकडं नसतं.

भाचीला इनन्नाची दारं मोजून दाखवली. काल रात्री तिचा मेसेज आला: नायिका गुऱ्हाळावरच आहे, पहिल्या दाराशी कानातली मोडली, पाटल्यांचं अजून ठरत नाहीये.