ती आजारी होती आणि तिचं बरोबरही होतं

आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनर गेली तेव्हा, २६ जुलै २०२३ ला, माझ्या फेसबुकवर दिवसभर तिचं एकच गाणं फिरत होतं, 'नथिंग कम्पेअर्स टू यू'. डोकं भादरलेली, मोठाल्या डोळ्यांची मुलगी आणि गालावरून ओघळणारं पाणी. त्याखाली बहुतेकांनी एकच शब्द लिहिला होता, 'बिचारी'. वय ५६. मीही तोच लिहिला आणि मग खोडला. का खोडला, ते आज लिहितेय.

कॉलेजात आमच्या खोलीत चौघींत मिळून तिची एक कॅसेट होती. १९९२ च्या ऑक्टोबरात तिने अमेरिकेच्या टीव्हीवर पोपचा फोटो फाडल्याचं कळलं तेव्हा "डोकं फिरलंय तिचं" असं म्हणणारी पहिली मी होते. फोटो का फाडला, हे विचारावंसं चौघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

३ ऑक्टोबरची रात्र, न्यूयॉर्क, 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा टीव्ही कार्यक्रम. साथीला एकही वाद्य नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याचं 'वॉर' हे गाणं ती नुसत्या गळ्यावर गायली आणि त्यात मुलांवरच्या अत्याचाराचे शब्द स्वतःचे घातले. शेवटी पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरून फाडला आणि म्हणाली, "खऱ्या शत्रूशी लढा." स्टुडिओत एक टाळी वाजली नाही. तो फोटो तिच्या आईच्या खोलीतल्या भिंतीवरचा होता. त्या आईने केलेल्या मारहाणीबद्दल ती आयुष्यभर बोलत राहिली. १९८५ मध्ये आई मोटार अपघातात गेली, तेव्हा शिनेडने तो फोटो उतरवून जवळ ठेवला. सात वर्षं जपलेला कागद होता तो. रागाच्या भरात हाताला लागेल ते फाडलं, असं ते नव्हतं.

आणि ती बोलत होती ते ऐकीव नव्हतं. किशोरवयात चोऱ्या करते म्हणून तिला डब्लिनमध्ये नन चालवत असलेल्या एका सुधारगृहात ठेवलं होतं. त्याच आवारात मॅग्डलीन लाँड्री होती. 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या मुली आणि बायकांना तिथे कोंडून, पगार न देता, कपडे धुवायला लावत. पळायचा प्रयत्न केला म्हणून शिक्षा झाली, ती रात्री लाँड्रीतल्या मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या खोलीत झोपायची. तू इथेच राहिलीस तर अशी होशील, हे तिला दाखवायचं होतं, असं तिने पुढे सांगितलं. तिथल्याच एका ननने तिला गिटार घेऊन दिली, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे तिचा राग आंधळा नव्हता, चांगलं वागणाऱ्याला ती विसरली नव्हती.

१९९३ मध्ये, तिने फोटो फाडल्याच्या दुसऱ्याच वर्षी, त्या आवारातली जमीन विकताना दफनभूमी उकरली, तेव्हा १५५ बायकांचे अवशेष निघाले. आयर्लंडमधली शेवटची लाँड्री बंद झाली १९९६ मध्ये. अमेरिकेतल्या पाद्र्यांनी केलेले आणि चर्चने झाकलेले अत्याचार 'बॉस्टन ग्लोब' या तिथल्या वृत्तपत्राने २००२ मध्ये बाहेर काढले. आयर्लंडमधल्या मुलांच्या संस्थांतल्या अत्याचारांबद्दलचा रायन अहवाल २००९ चा आणि लाँड्रीतल्या बायकांची आयरिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१३ मध्ये. तिने टीव्हीवर तोंड उघडलं तेव्हा लाँड्री चालूच होत्या!

तिला मिळालं काय? दोन आठवड्यांत, १६ ऑक्टोबरला, गायक बॉब डिलनच्या गौरवाच्या मैफलीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांनी तिची हुर्यो उडवली. २५ वर्षांची पोर. ठरलेलं गाणं तिने सोडलं, वाद्यं थांबवली आणि 'वॉर'च पुन्हा ओरडून म्हटलं. तिला कुशीत घेतलं ते एकट्या गायक क्रिस क्रिस्टॉफरसनने.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. पुढच्या आयुष्यात ती खरोखर आजारी होती. बायपोलर या मनोविकाराचं निदान झाल्याचं तिने ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात सांगितलं, पुढे ते निदान चुकीचं होतं असंही सांगितलं. २०१७ मध्ये न्यू जर्सीतल्या एका मोटेलमधून रडत केलेला तिचा व्हिडिओ मी अर्ध्यावर बंद केला होता. इस्लाम स्वीकारल्यावर बिगरमुस्लिमांबद्दल तिने अत्यंत वाईट लिहिलं. पुढे माफी मागितली, पण लिहिलं होतं. हे झाकायचं कारण नाही. तिला संत करून टाकणं मला पटत नाही, कारण मग पुन्हा पहिलाच प्रश्न उरतो, की संत नसलेल्या बाईचं ऐकायचं की नाही?

आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी भर पंगतीत घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं नाव घेतलं होतं. वहिनी तेव्हा गोळ्या घेत होत्या. "गोळ्यांमुळे बोलतेय ती," असं कुणीतरी म्हणालं आणि जेवणं पुढे चालू झाली. मी वाढत होते.

त्या डोक्याबद्दलही बोलायलाच हवं. आपल्याकडे बाईचं डोकं भादरायचे ते तिला आयुष्यातून उठवायला. रेकॉर्ड कंपनीतल्या माणसांनी शिनेडला केस वाढव, तोकडे कपडे घाल असं सुचवलं, तेव्हा ती स्वतःच्या पायांनी न्हाव्याकडे गेली. आम्ही हॉस्टेलवर त्या टकलावरून केलेले विनोद आठवले की आज अंगावर काटा येतो.

आणि गाणं! सगळ्यांना 'नथिंग कम्पेअर्स टू यू' तेवढं माहीत. ते प्रिन्स या अमेरिकी गायकाने लिहिलेलं, तिने १९९० मध्ये जगभर नेलं. पण त्याच अल्बममधलं 'आय ॲम स्ट्रेच्ड ऑन युअर ग्रेव्ह' ऐका. जुनी आयरिश कविता, मेलेल्या प्रेयसीच्या थडग्यावर पडून राहिलेल्या माणसाची. खाली जेम्स ब्राउनच्या गाण्यातून उचललेला ड्रमचा ठेका फिरत राहतो, वर तिचा एकटा आवाज, आणि शेवटी फिडल अशी सुटते की मला दर वेळी उठून उभं राहावं लागतं. कुजबुजीतून किंकाळीपर्यंत एका श्वासात जाणारा तसा गळा मी दुसरा ऐकलेला नाही. पहिला अल्बम आला तेव्हा ती विशीत नुकती पोचत होती.

८ ऑगस्ट २०२३ ला आयर्लंडमधल्या ब्रे गावात तिची अंत्ययात्रा निघाली. समुद्राकाठच्या रस्त्यावर हजारो माणसं उभी होती, राष्ट्राध्यक्ष दफनविधीला आले होते, दुआ इमामांनी म्हटली. सगळ्यात पुढे एक जुनी फोक्सवॅगन व्हॅन होती, टपावर स्पीकर बांधलेली. त्यावर बॉब मार्ली लावला होता, आणि या वेळी लोक टाळ्या वाजवत होते.