पुस्तक बदलायला जातेय

आमच्या घरात "वाचनालयात जाते" असं कुणी कधी म्हणालं नाही. "पुस्तक बदलायला जातेय" असंच म्हणायचो. शाळेतून आलं, दप्तर टाकलं, की आईची हाक यायची, "आधी पुस्तक बदलून आण, मग खेळायला जा." बदलायचं, म्हणजे एक हातावेगळं झाल्याशिवाय दुसरं नाही. आज इतक्या वर्षांनी वाटतं, वाचनालय म्हणजे नेमकं काय, हे सांगायला याहून चांगला शब्द मराठीत नाही.

हे लिहायला निमित्त झालं ते एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं बोलणं. ग्रुप पुस्तकवेड्यांचाच, सगळी मनापासून वाचणारी माणसं. तिथे कुणीतरी लिहिलं की मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही, वाचनालयातून आणून फुकटात भागवतो, आणि पदरचे पैसे मोजल्याशिवाय पुस्तकाची किंमत कळत नाही. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी तिथे काही बोलले नाही, पण ते मनातून जाईना. कारण ते वाक्य थेट माझ्या आईवर पडलं होतं.

आई आठवीपर्यंत शिकलेली. वडील सूतगिरणीत, आणि आई घरी ब्लाउज शिवायची. नदीकाठचं तालुक्याचं गाव, दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून मशीन. वाचनालयाची वर्गणी तेव्हा महिन्याला तीन रुपये होती आणि अनामत वीस. ते वीस रुपये तिने एकदम भरले नव्हते. शिलाईतून बाजूला काढून काढून, डब्यात साठवून, मग एका दिवशी मला बरोबर घेऊन ती फॉर्म भरायला गेली. त्या दिवशी तिने बाहेर जायची साडी नेसली होती, हे मला अजून आठवतं.

वर्गणीत एक पुस्तक आणि एक मासिक मिळायचं. दुपारची जेवणं झाली, भांडी घासून झाली, की ती उंबऱ्याशी उजेडाला बसायची. बोटांना खडूची पूड असायची आणि ती पानांच्या कडांना लागायची, म्हणून आधी पदराला बोटं पुसायची. खूण म्हणून पानात कापडाची चिंधी. कुणाच्या तरी ब्लाउजच्या अस्तराची, कधी खणाची. पुस्तक परत न्यायच्या आधी चिंधी काढून घ्यायचं काम माझं.

आणि पान ५१. आपण वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून आई ५१व्या पानावर, आकड्याच्या खाली, शिवणाच्या पेन्सिलीने एक बारीकशी आडवी रेघ ओढायची. नीट बघितल्याशिवाय दिसायचीही नाही. मला वाटायचं ही आईचीच युक्ती. पुढे कळलं की वाचनालयातल्या निम्म्या जुन्या वाचकांची अशी एकेक खूण होती. कुणी सातव्या पानावर फुली करायचं, कुणी शंभराव्या पानाच्या आकड्याभोवती गोल, कुणी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात छोटंसं श्री. पुस्तकावर लिहू नये हे खरंच आहे, मी माझ्या मुलांना तेच शिकवलं. पण त्या खुणा बघत बघतच मला कळलं की हे पुस्तक आपल्या आधी कुणाच्या तरी दुपारी काढून गेलंय. मागच्या बाजूला चिकटवलेल्या तारखांच्या कागदावरचे जांभळे शिक्केही तेच सांगायचे. एखाद्या पुस्तकाचा कागद भरून वर दुसरा चिकटवलेला असायचा, आणि एखाद्यावर अकरा वर्षांत दोनच शिक्के. ते दोन शिक्क्यांचं पुस्तक मला फार एकटं वाटायचं. मी ते मुद्दाम आणायची.

आता मुद्द्याचं. आईने आयुष्यात स्वतःसाठी एकही पुस्तक विकत घेतलं नाही. घेऊ शकलीच नसती. आणि समजा चार पैसे हातात आलेही असते, तरी कुठलं घेतलं असतं? विकत घ्यायचं म्हणजे ते उपयोगी पडायला हवं, घरातल्या सगळ्यांना चालायला हवं, पैसे वाया जाता कामा नयेत. असं पुस्तक निवडताना माणूस ओळखीचंच निवडतो. वाचनालयात तिला ती भीती नव्हती. त्यामुळे तिने काय काय वाचलं म्हणून सांगू! शिकारकथा, शल्यविशारदांची चरित्रं, दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमा, तुरुंगातल्या आठवणी, पेशवाईतली पत्रं. हे तिला कुणी सुचवलं नव्हतं. हाताला लागलं, आणलं, दोन पानं वाचली, आवडलं तर पुढे.

आणि नाही आवडलं तर? "नको हे, बदलून आण." एवढंच. विसाव्या पानावर पुस्तक मिटून ती सहज "नको" म्हणायची. तिच्या आयुष्यात असं सहज "नको" म्हणायची सोय फार थोड्या ठिकाणी होती. शिळी भाकरी, नणंदांच्या फर्माइशी, गिऱ्हाइकांची बुडवलेली शिलाई, यातलं काहीच तिला नको म्हणता आलं नाही. पुस्तकाला मात्र म्हणता यायचं, आणि त्याबद्दल कुणी जाब विचारायचं नाही. तिची आवड तयार झाली ती या सोडून दिलेल्या पुस्तकांतून. पैसे मोजून घेतलेलं पुस्तक न आवडता सोडायला जीव होत नाही, आपण ते रेटून पूर्ण करतो किंवा कपाटात उभं करून ठेवतो. म्हणून "पैसे मोजल्याशिवाय किंमत कळत नाही" हे मला मान्य नाही. आईला किंमत कळत होती. तिने ती परत करण्याच्या तारखेने मोजली.

वाचनालयात सगळं गोड होतं असं नाही. आमच्याकडे तेव्हा बंद कपाटं होती. काउंटरवर चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक यायचं. चिठ्ठीतलं पुस्तक बाहेर गेलेलं असलं की देवघेवीला बसलेले गृहस्थ स्वतःच्या मनाने काहीतरी काढून द्यायचे. आणि कार्ड बाईच्या नावाचं दिसलं की बहुतेक वेळा पाककृती किंवा सासूसुनेची कादंबरी. मी एकदा सापांवरचं पुस्तक मागितलं, बारा-तेरा वर्षांची असेन. "तुला काय करायचंय सापांचं?" असं सगळ्यांसमोर विचारलं. मी मान खाली घालून पाककृती घेऊन आले. आईने ते बघितलं, हातातलं शिवण ठेवलं, मशीनवर झाकण टाकलं आणि स्वतः चालत गेली. काय बोलली मला माहीत नाही. सापांचं पुस्तक घेऊन आली. ५१व्या पानावर रेघ आहे त्याच्या.

पुढे मी दहावीत असताना तिथे मुक्तद्वार सुरू झालं. कपाटांची दारं उघडली आणि वाचकाला आत जाऊ दिलं. पहिल्या दिवशी मी दोन तास नुसती कण्यांवरची नावं वाचत फिरले. कागदाचा, डिंकाचा, डांबरगोळ्यांचा वास, जुन्या बाइंडिंगची ती करकर. मागायचं काय हे माहीत असावं लागतं तेव्हाच चिठ्ठी लिहिता येते. जे पुस्तक जगात आहे हेच ठाऊक नाही, ते मागणार कसं? ते फक्त उघड्या कपाटात भेटतं, आपण शोधत असलेल्या पुस्तकाच्या शेजारी.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी हे १९३१ साली लिहून ठेवलं. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतली ही पहिली तीन. गणिताचे प्राध्यापक होते ते आधी, त्यांनी आयुष्य यात घातलं. त्यांच्याही आधी बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं होतं, खेडोपाडी पेट्यांतून पुस्तकं फिरवली होती. "तुला काय करायचंय सापांचं" हा प्रश्न कुणी कुणाला विचारू नये, एवढ्यासाठी मोठमोठ्या माणसांनी केवढी खटपट केली आहे!

आणि ज्यांना वाटतं की वाचनालयामुळे पुस्तकं खपत नाहीत, त्यांनी एकदा मराठी प्रकाशकाशी बोलून बघावं. आपल्याकडे बऱ्याच पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींची, हल्ली त्याहूनही कमी. त्यातल्या कितीतरी प्रती वाचनालयं घेतात. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, १९६७च्या कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी. कविता, कोश, संशोधन, नव्या लेखकाचं पहिलं पुस्तक, यांना गिऱ्हाईक कोण असतं? वाचनालयाची एक प्रत आणि तिच्यामागे चाळीस वाचक. अनुदान उशिरा आलं की ही खरेदी थांबते. थांबते म्हणजे काय, तर तालुक्याच्या एखाद्या पोरीच्या हाताला नवं पुस्तक लागतच नाही. आणि लहान वाचनालयात काम करणाऱ्यांना मिळणारं मानधन ऐकलं तर मान खाली जाते. पुस्तकं विकत घेत नाहीत म्हणून वाचकांना बोल लावण्यापेक्षा आपण सगळ्यांनी यावर आवाज केला तर जास्त बरं होईल.

आणखी एक तक्रार कानावर येते, की आता वाचनालयं राहिली नाहीत, अभ्यासिका झाल्या, स्पर्धा परीक्षेची मुलं जागा अडवून बसतात. बसू देत. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात, टीव्ही चालू असतो, तिथून उठून एखादा मुलगा डबा घेऊन सकाळी सातला येतो आणि रात्री दहाला जातो. त्याला डोक्यावर पंखा, समोर टेबल आणि आजूबाजूला शांतता मिळते. ही शांतता त्याला दुसरं कोण देणार आहे? आमच्या गावच्या मोफत वाचनकक्षातही सकाळी कुठे साहित्याचे अभ्यासक यायचे? उतरत्या फळ्यांवर लोखंडी सळईने अडकवलेली वर्तमानपत्रं, आणि समोर उभे राहून वाचणारे हमाल, भाजीवाले, निवृत्त मास्तर, एकाच पानावर दोघं दोघं. "उलटू का?" असं विचारून पान उलटायचे.

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगली नगर वाचनालयात पाणी शिरल्याचं वाचलं, तेव्हा मला रडू आलं होतं. १८६९ सालची ती संस्था. लोकांना घरंदारं गेल्याचं दुःख होतं, माणसं गेली होती, त्यापुढे पुस्तकांचं काय, असं कुणी म्हणेल. पण मला त्या भिजलेल्या पुस्तकांतले शिक्के आणि खुणा दिसत होत्या. पुस्तकं नवी आणता येतात. दीडशे वर्षांच्या हातांचे ठसे कुठून आणायचे?

मी गेली बावीस वर्षं ठाण्यात आहे. इथे १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, हे माहीत असूनही पहिली काही वर्षं मी तिकडे फिरकले नाही. नोकरी, लोकल, मुलं, आणि हातात पैसे आले म्हणून पुस्तकं विकत घेण्याची हौस. कपाटं भरली. खरं सांगते, त्यातली निम्मी वाचून झालेली नाहीत. घरातलं पुस्तक पळून जात नाही ना, म्हणून ते थांबून राहतं. सभासद झाल्यावर पुन्हा वाचायला लागले. अमुक तारखेला परत द्यायचंय, मागे कुणीतरी वाट बघत असेल, हा विचार मला रात्री फोन बाजूला ठेवायला लावतो. विकत घेणं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही, लेखकाला त्याचा वाटा मिळायलाच हवा. पण विकत घेते ती आधी वाचून, आवडलेली, पुन्हा पुन्हा लागणारी.

मेमध्ये गावी गेले होते. आई आता शहात्तर वर्षांची आहे, मशीन बंद आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. कार्ड चालू आहे. निघताना मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय आणू?" तिने चार बोटं जोडून जाडी दाखवली, म्हणजे मोठं पुस्तक हवं. मी गेले. कपाटं तीच, फक्त आता लोखंडाला नवा रंग. एकेक पुस्तक काढून ५१वं पान उघडत गेले. रेघ. रेघ. पुढच्यातही रेघ. खालच्या फळीपर्यंत पोचले तरी बिनरेघेचं जाड पुस्तक मिळेना. शेवटी तिला फोन केला, म्हटलं, "आई, इथली सगळी तुझी वाचून झालीत."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता आठवतंय कुठं काय. रेघ असलेलंच आण."