कुकरच्या तीन शिट्ट्या आणि एक ‘नको’

ऑटिझम असलेल्या मुलाचं कौतुक करायचं तर लोकांचं एक ठरलेलं वाक्य असतं, “किती शांत झालाय हो आता!” माझ्या धाकट्या भावाबद्दलही हेच म्हणतात. आता तो २६ वर्षांचा आहे. मला मात्र हे ऐकलं की धास्ती वाटते. कधी तो खरंच मजेत असतो म्हणून शांत असतो, तर कधी दाढ ठणकत असते आणि ते सांगता येत नसतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

“हात खाली”, “गप्प बस”, “इकडे बघ”... लहानपणी त्याला स्वनियंत्रण शिकवलं ते असं. हात हलवणं, झुलणं, गुणगुणणं हे त्याचे स्वतःला सावरायचे मार्ग. तेच काढून घ्यायचे आणि वर म्हणायचं, स्वतःवर ताबा ठेव! डोकं आपटणं, हाताला चावणं ही गोष्ट वेगळी, तिथे थांबवावंच लागतं. पण तेव्हाही आधी कान, दात, पोट तपासा. ओरडा नंतरही करता येतो. (करूच नका, पण ते असो.)

हट्ट आणि मेल्टडाउन (सगळं असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं) यांत गल्लत करणारे तर पावलोपावली भेटतात. हट्ट हवी ती वस्तू मिळाली की बहुधा थांबतो. मेल्टडाउनमध्ये वस्तू हातात दिली तरी फरक पडत नाही, कारण तिथे सहनशक्तीच संपलेली असते. त्या वेळी समजावून काही उपयोग नाही. दिवा मंद करा, गर्दी हटवा, आपलं तोंड बंद ठेवा.

आणि त्याआधी खुणा मिळतातच. आम्ही डोंबिवलीचे. भाऊ अधूनमधून लोकलची घोषणा म्हणत असतो, “पुढील स्टेशन ठाकुर्ली.” सावकाश म्हणत असेल तर खुशीत आहे. भराभर, एकामागून एक सुरू झालं की तो अस्वस्थ झालाय हे ओळखून आम्ही लग्नाच्या हॉलमधून बाहेर पडतो, जेवण राहिलं तरी. नातेवाईकांना वाटतं आम्ही लाडावून ठेवलंय. वाटू दे.

आता कुकरचं सांगते. घरातली कामं शिकवणं आणि मन सावरायला शिकवणं हे दोन वेगळे विषय आहेत असं मला वाटत नाही. शिट्टी झाली की हा कानांवर हात ठेवून पळायचा. अशा माणसाला वरण-भात शिकवणार कसा? आईने आधी आवाज रोखणारे इअरमफ आणले. मग कागदावर तीन गोल काढले. शिट्टी झाली की एक गोल खोडायचा, तिसरा खोडला की गॅस बंद करायचा. सुरुवातीला त्याच्याकडे एवढंच, शेवटचं काम. बाकी सगळं आई करायची. ते जमल्यावर त्याच्या आधीची पायरी, मग त्याआधीची. असं शेवटाकडून मागे येत तो तांदूळ धुण्यापर्यंत पोचला. किती महिने गेले ते विचारू नका. पण आता शिट्टी कधी येणार हे त्याला कळतं, आणि पुढे काय होणार हे माहीत असलं की निम्मी भीती जाते.

या सगळ्यापेक्षा मोठं जीवनकौशल्य माझ्या मते एकच, ‘नको’ म्हणता येणं. त्याला मनगटावर राखी सहन होत नाही. तो “नको” म्हणतो, मी राखी त्याच्या हातात देते, तो खिशात टाकतो. आत्याला अजून हे रुचत नाही. पण घरच्यांपुढे ‘नको’ म्हणायची सवय नसलेला माणूस अंगाला हात लावणाऱ्या परक्याला काय म्हणणार?

आई-बाबांचं वय झालंय, त्यामुळे भावाच्या कायदेशीर पालकत्वाचा, म्हणजे त्यांच्यानंतर त्याच्यासाठी निर्णय कोण घेणार याचा, विषय घरात निघतो. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याने अठरा वर्षांपुढच्या व्यक्तीसाठी स्थानिक समिती पालक नेमू शकते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे पालक आणि त्या व्यक्तीने एकमेकांवर विश्वास ठेवून मिळून निर्णय घ्यायचा. उत्तम तरतूद आहे. पण आयुष्यभर ज्याला फक्त गप्प बसायला शिकवलं, त्याच्याबरोबर मिळून कसला निर्णय घेणार?

म्हणून लहान मुलांच्या आईवडिलांना सांगते, थेरपी सेंटरची फी भरताना दोन गोष्टी विचारा. माझ्या मुलाला ‘नको’ म्हणायला शिकवता का? आणि तो म्हणाला, तर तुम्ही थांबता का?