तुम्हाले किती किलो लावलं?

नागपूरच्या धंतोलीत दवाखाने इतके दाटीवाटीने आहेत की तिथे धडधाकट माणूस दिसला तरी ओळखीचे विचारतात, "कोण ॲडमिट हाय?" मी स्वतःच्याच कमरेसाठी गेलो होतो. एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी सरकली होती. फिजिओथेरपिस्ट पोरगी म्हणाली, "काका, ट्रॅक्शन देऊन बघू."

मला वाटलं, आता ओढून लांब करणार. प्रत्यक्षात एक पट्टा बरगड्यांवर, दुसरा कमरेला, पाय स्टुलावर काटकोनात आणि हातात बंद करायचं बटण. यंत्र ओढतं, धरून ठेवतं, सोडतं, पुन्हा ओढतं. बाहेर मे महिन्याचं ४५ अंश, आत एसी, वर घरचा फोन न उचलायला वैद्यकीय कारण! मी तर घोरायचोसुद्धा.

खटका उडाला तो पडद्यापलीकडच्या इतवारीच्या शेठजींमुळे.

"काऊन भाऊ, तुम्हाले किती किलो लावलं?"

"चोवीस."

"बस? मले पस्तीस हाय."

हा ताण शरीराच्या वजनाच्या हिशेबाने ठरतो, साधारण पाव ते निम्मा. शेठजींचा घेरच तेवढा होता. तरी मान खाली गेली. मी पोरीला हळूच म्हटलं, "थोडे वाढवून द्या ना." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागतोय.

मग तिने खरं ते सांगून टाकलं. ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या संस्थेने २०१६ सालीच कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊ नका असं म्हटलंय. कामाचा तो व्यायाम, आणि चालतं-फिरतं राहणं.

"मग हे मशीन कशाला?"

"काका, ओढून घेतल्याशिवाय लोकांना फी दिल्यासारखं वाटत नाही."

पटलं. मलाही वाटत नव्हतं.

खरे हाल पुढे सुरू झाले. यंत्रावर नुसतं पडायचं होतं. आता बसायचं कसं, ते शिकायचं होतं. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी, पाय जमिनीला टेकलेले, अर्ध्या तासाने उठायचंच. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर ताठ उभा राहिलो, तर ठेलेवाला म्हणे, "साहेब, चेकिंगले आले का?" पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताने रेटा द्यायचा, तेवढ्यात दारावरचा कुरियरवाला परत जातो.

आणि बादली. कूलर भरायची बादली वाकून उचलायची नाही. गुडघे वाकवायचे, पोट आत, बादली छातीशी, श्वास सोडत उठायचं. मी अंगणात हे सगळं शास्त्रशुद्ध केलं, एक थेंबही सांडला नाही. बायको दारात उभी राहून कौतुकाने बघत होती.

"अरे वा, उचलता येते की आता! मंग वरच्या खोलीतलाही कूलर भरून टाका."