कुत्र्याला केक झाला, हँडलरच्या खोलीचं काय?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक फोटो फिरत होता. श्वान पथकातली एक लॅब्रेडोर रिटायर झाली, गळ्यात हार, साहेब लोक केक कापतायत आणि कोपऱ्यात तिचा हँडलर, म्हणजे तिला सांभाळणारा पोलीस, डोळे पुसतोय. झालं, लगेच जुंपली. एक गट म्हणतो हवालदाराला धड क्वार्टर नाही आणि कुत्र्याला केक कसले भरवता, दुसरा म्हणतो परदेशात बघा, पोलिसांचा कुत्रा हँडलरच्या घरी राहतो, आपण मात्र केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या कोठडीत, डांबतो. मग मला टॅग केलं, तू इंग्लंडात आहेस ना, सांग म्हणे.

तर सांगतो. आमच्या गल्लीत एक हँडलर राहतो, दाराशी व्हॅन, मागच्या अंगणात खात्यानं बसवून दिलेलं केनेल, त्यात एक जर्मन शेफर्ड चोर धरायला आणि एक स्पॅनिएल ड्रग्ज हुंगायला. वीकली ऑफला सुद्धा हा बाबा सकाळी सकाळी पाइप घेऊन केनेल धूत असतो, आणि सुट्टीतल्या या कामाचा त्याला वेगळा भत्ता मिळतो, हे मला लई आवडलं. शेफर्ड एरवी पोरांबरोबर गवतात लोळेल, पण व्हॅनचं दार उघडल्याचा आवाज आला की पोरांकडे ढुंकूनही बघत नाही. स्पॅनिएलचा पगार म्हणजे एक टेनिस बॉल.

पण इथं सगळं गोड आहे असं समजू नका. रिटायर झालेला कुत्रा बहुतेक वेळा हँडलरकडेच राहतो आणि मग खर्चही त्याच्याच गळ्यात पडतो. उड्या मारून सांधे गेलेल्या शेफर्डला इन्शुरन्सवाले सहजासहजी दारात उभं करत नाहीत. नॉटिंगहॅमशायर पोलिसांनी २०१३ मध्ये अशा कुत्र्यांना तीन वर्षांत मिळून १,५०० पौंडांपर्यंत औषधपाण्याचा खर्च द्यायचं ठरवलं तर त्याची केवढी बातमी झाली, म्हणजे बाकीकडे काय असेल बघा. आणि तो फिन नावाचा इथला पोलीस कुत्रा, २०१६ मध्ये स्टीव्हनेजला हँडलरला वाचवताना छातीत चाकू खाल्ला, वाचला, पण कायद्याच्या लेखी ते मालमत्तेचं नुकसान, म्हणजे खिडकीची काच फोडल्यासारखं! लोकांनी मागं लागून २०१९ मध्ये कायदा बदलून घेतला तेव्हा कुठं ते बंद झालं.

आता आपल्याकडचं. मी पोलीस लाईनीत वाढलोय, दोन खोल्यांत सहा माणसं, बाबांची नाइट असली की दिवसा आम्ही सगळे जिन्यात. त्या घरात शेफर्ड कुठं ठेवणार होतो, माळ्यावर? त्यामुळे घरी न्या, घरी न्या म्हणणाऱ्यांनी आधी खोली मोजावी. एका कुत्र्याला दोन हँडलर असतात, एक रजेवर गेला तर दुसरा हजर, ही आपल्याकडची पद्धत मला अजिबात वाईट वाटत नाही.

माया कमी आहे हे तर कुणी बोलूच नये. मुंबई पोलिसांच्या झंजीर या कुत्र्यानं १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून दिलं, २००० मध्ये गेला तेव्हा पूर्ण इतमामात निरोप दिला. बीड पोलिसांच्या रॉकी या कुत्र्यानं ३०० च्या वर गुन्ह्यांत मदत केली, त्याच्या निरोपाचं तर पंतप्रधानांनी २०२० मध्ये मन की बातमध्ये नाव घेतलं. सलाम करण्यात आपण इंग्रजांच्या पुढेच आहोत हो, अडतं ते दुसऱ्या दिवशी. हँडलरची बदली झाली तर कुत्र्याचं काय, म्हातारं झालं की औषध कुणी आणायचं, आणि ज्याला घरी न्यायची इच्छा आहे त्याला अंगणवालं क्वार्टर मिळणार का. इथलं काही उचलायचंच असेल तर सुट्टीचा भत्ता आणि ते अंगणातलं केनेल उचला, आणि रिटायरमेंटनंतरचं बिल खात्याच्या नावावर टाका, ते इथंही नीट झालेलं नाही, आपण आधी करून दाखवू.

म्हणून केकवाल्या आणि परदेशवाल्या दोन्ही गटांना माझं म्हणणं एवढंच की भांडण एकच आहे, क्वार्टरचं, उगाच कुत्रा विरुद्ध हवालदार करू नका. ग्रुपमधले दोघं मंत्रालयात आहेत, तीनशे मेसेज पडले तरी त्यांनी अजून अंगठा सुद्धा टाकलेला नाही.