अहो, ती दोन्ही नावं माझीच आहेत!

किती वेळा सांगायचं? मार्कशीटवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं, मग आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. नेदरलँड्सच्या एका विद्यापीठात एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, अर्ज केला, तर तिसऱ्यांदा तोच मेल: ही एकच व्यक्ती आहे का? हो, एकच! ठाण्यात कोर्टनाक्यावर नोटरीकडे उभं राहून दोनदा प्रतिज्ञापत्र केलं. आता आणखी काय, आईला साक्षीला आणू?

पाच वर्षं अख्खा कायदा इंग्रजीत शिकले, पेपर इंग्रजीत लिहिले. तरी आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, द्याच. दिली. तर तिचा निकाल दोनच वर्षं चालतो! दोन वर्षांत भाषा विसरतं का कुणी?

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांची अधिकृत नोंद, म्हणे बंद पाकिटात हवी, पाकिटाच्या जोडावर शिक्का. आमच्या विद्यापीठाच्या खिडकीवरच्या माणसाने शिक्का असा मारला की निम्मा पाकिटावर, निम्मा टेबलावर. गेली ना परत! पुन्हा सकाळची लोकल, पुन्हा रांग, पुन्हा ‘लंचनंतर या’.

जर्मनीकडे वळावं, तर नोव्हेंबर २०२२ पासून स्टुडंट व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, त्याचे १८,००० रुपये. आमच्याकडे कायद्याला साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, घरी पेढे येतात. तिकडे साठ बघून कुणाला काय वाटणार?

आणि शिफारसपत्र! सरांनी मनापासून लिहिलं, पण जीमेलवरून. चालत नाही, संस्थेचाच ईमेल हवा. वीस वर्षं शिकवतायत सर. कॉलेजने त्यांना तसला ईमेल कधी दिलाच नाही, तर त्यांनी तो आणायचा कुठून?