तो वरचा बोल्ट

गिअरबॉक्सचा सगळ्यात वरचा बोल्ट स्टार्टरच्या मागे, पार फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कुशीत बसवायचं ज्याच्या डोक्यात आलं ना, त्याला एकदा आमच्या पार्किंगमध्ये आणा. मे महिन्यात. उताणा झोपवा, हातात 17 नंबरचा पाना द्या आणि म्हणा, काढ आता.

काल सकाळी 9 ला गाडीचा गिअरबॉक्स उतरवायला बसलो. बॅटरी, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, गिअरचं लिंकेज, स्टार्टर, सगळं साडेअकराला सुटलं. चाकांकडे जाणारे शाफ्टसुद्धा. (शाफ्ट ओढायच्या आधी गिअरबॉक्सचं ऑईल काढायचं असतं, हे मला माहीत होतं. ते बाहीतून बगलेपर्यंत पोचल्यावर जास्त नीट माहीत झालं. तीनदा अंघोळ केली, तरी अजून सडक्या लसणाचा वास येतोय.)

मग तो बोल्ट. पाना एका वेळी नखभर फिरतो. काढा, उलटा करा, परत अडकवा, परत नखभर. डोळ्यांत गंज, बोटांची सालपटं निघालेली. 108 तुकड्यांचा सेट घेतलाय मी, जपमाळेसारखा, आणि त्यातला एकही सॉकेट तिथे पोचत नाही! व्हिडिओतला तो महाभाग लिफ्टवर गाडी चढवून, उभ्या उभ्या, स्वच्छ शर्टात सांगतो, 'आता हे चार बोल्ट काढून घ्यायचे'. घ्यायचे म्हणे!

आणि हे सगळं कशासाठी? तर गेल्या वर्षी क्लच प्लेट टाकताना मिस्त्रीने 'बेअरिंग चांगलंय साहेब' म्हणत जुनंच परत बसवलं म्हणून. दोनशे-चारशे रुपयांच्या बेअरिंगसाठी अख्खा गिअरबॉक्स परत खाली!

शेवटी निघाला बोल्ट. गिअरबॉक्स मात्र ढिम्म. टॉमीची पहार घातली, लाकडाचा ठोकळा लावून हातोडा घातला, आई-माई उद्धरली. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर गाडीखालून बाहेर आलेल्या माझ्या पायांचा फोटो: 'पार्किंगमध्ये गॅरेज चालवू नये. - सेक्रेटरी.' तीन पावसाळे गच्ची गळतेय, तिचा फोटो कधी टाकला नाही यांनी.

दीड तास झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरचा सातवीतला पोरगा वाकून म्हणाला, "काका, इथे एक बोल्ट राहिलाय."

खाली. माझ्या नाकासमोर. चिखलाने माखलेला.

दीड तास मी कसल्या गंजाला शिव्या देत होतो, देव जाणे. बोल्ट काढला आणि दोन मिनिटांत ते 25-30 किलोचं धूड सरकून माझ्या छातीवर. पोराला वाटलं मी गेलोच.

आता गिअरबॉक्स इंजिनपासून सुटलाय, पण गाडीखालून बाहेर निघत नाही, कारण गाडी पुरेशी उचललेलीच नाही. माझा एकुलता एक जॅक इंजिनाखाली अडकलाय. सोसायटीत दुसरा मोठा जॅक एकाच घरात आहे.

सेक्रेटरींकडे.